निंबापाशी वाकलेली रेघ

जाधव मॅडम खुर्चीत बसल्यात, असं चित्र मला आठवून आठवून सापडत नाही. पंगतीत बसल्या असतील, एसटीत बसल्या असतील, पण माझ्यासमोर नाही. माझ्या क्लासला आल्या त्या पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर जेमतेम टेकल्या, दहा मिनिटांत उठल्या आणि मागच्या भिंतीपाशी येरझारा घालायला लागल्या. मी फळ्यावर लिहितोय, विशी-बाविशीची पोरं मान खाली घालून उतरवून घेतायत आणि त्यांच्यामागं सत्तावन्न वर्षांची एक बाई खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालतेय.

"मॅडम, बसा ना," मी म्हणालो.

"तुमचं चालू द्या, सर. बसलं की माझं डोकं बंद पडतं."

मी तेव्हा शेंद्र्याला एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचो आणि शनिवार-रविवार सिडकोतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत सी प्लस प्लस शिकवायचो. ही भाषा अवघड. तिच्याकडं लोक नोकरीसाठी येतात, हौसेनं कोणी येत नाही. म्हणून मी मॅडमना विचारलं, तुम्ही कशासाठी शिकताय? त्या म्हणाल्या, "चित्र काढायला." पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

त्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. नऊ वर्षं संगणकावर चित्रं काढत होत्या, पण ती माऊसनं रंग फासून नव्हे, प्रोग्रॅम लिहून. चित्रकारांसाठी म्हणून केलेली एक सोपी भाषा असते. तीन ओळी लिहिल्या की पडद्यावर गोल येतो, चौथी लिहिली की तो पळायला लागतो. शाळेच्या संगणकखोलीत तास नसताना मॅडम ती आपल्या आपण शिकल्या. मुख्याध्यापिकाबाईंची समजूत अशी, की जाधव मॅडम फावल्या वेळात गेम खेळतात. मॅडमनी ती समजूत कधीच खोडून काढली नाही. "चित्र म्हटलं की दाखवा म्हणतील," असं त्यांचं म्हणणं.

दाखवण्यासारखं चित्र त्यांच्याकडं एकच होतं आणि ते नऊ वर्षं पुरं होत नव्हतं. सोयगावजवळचं त्यांच्या माहेरचं शेत. त्यांचे वडील, आबा, बैलांची तिफण घेऊन पेरणी करायचे आणि आई मागं चालत तिफणीला बसवलेल्या चाड्यातून मुठीनं बी सोडायची. बांधालगत एक निंब होता. उजवा बैल राजा सरळ चालायचा, पण पाखऱ्या नावाचा डावा बैल त्या निंबाच्या सावलीकडं ओढायचा, म्हणून आबांची रेघ तिथं वाकायची. पीक हातभर वर आलं की सगळं शेत निंबापाशी वाकलेलं दिसायचं. गावानं आबांना त्यावरून बरंच छळलं. मॅडमना मात्र माहेर म्हटलं की तेच वळण दिसायचं.

"वाकवता येतं हो," त्या मला सांगत, "वाकवणं काय अवघड नाय. पण माझं वळण मुद्दाम काढल्यासारखं दिसतं. खोटं दिसतं." त्यात आणखी एक अडचण. शहरातल्या एका कलादालनानं त्यांना त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी सहा दिवसांसाठी एक मोठी भिंत देऊ केली होती. चाळीस फुटांची भिंत, त्यावर तीन प्रोजेक्टर. एवढ्या भिंतीला लाखांनी रेघा लागणार आणि त्यांची सोपी भाषा काही हजारांतच धापा टाकायची. कोणीतरी सांगितलं, जड कामाला जड भाषा लागते. तशा त्या माझ्या खिडकी-दारात येरझारा घालायला आल्या.

त्या नव्या भाषेनं त्यांना सुरुवातीला फार छळलं. एक गोल काढायचा तर आधी चाळीस ओळींची तयारी. एक चिन्ह चुकलं की तक्रारींची यादी पडदाभर. मॅडम ती यादी मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, "एवढं बोलतंय, पण काय पाहिजे ते सांगत नाय. आमच्या सासूबाईंसारखं." इतर कोणी आपला प्रोग्रॅम दाखवला की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "हलतंय का?" पोरगा बिचारा पगाराचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहून आणायचा. तो कुठून हलणार? मग मॅडमचा त्यातला रस संपायचा.

पहिल्याच महिन्यात मी एक धडा घेतला होता, तो सांगायलाच हवा. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला जागा लागते. वर्गात मी तिला डबा म्हणतो. मॅडमच्या जुन्या भाषेत नवा डबा मागितला की तो घासूनपुसून, आत शून्य ठेवून हातात यायचा. सी प्लस प्लस तसं करत नाही. डबा देते, पण आधीच्यानं आत काय सोडलंय ते तसंच असतं. म्हणून डबा घेतला की आधी त्यात काहीतरी ठेवा, मग वापरा, असं मी चार वेळा सांगितलं. मॅडम चालता चालता थांबल्या.

"म्हंजे भाडेकरू सामान टाकून गेला आणि खोली तशीच दुसऱ्याला दिली?"

"तसंच."

"लई भारी," त्या म्हणाल्या आणि परत चालायला लागल्या. पोरांनी नियम उतरवून घेतला. मॅडमनी वही उघडलीसुद्धा नाही.

पुढं क्लासपेक्षा माझं त्यांच्याच घरी जास्त जाणं झालं. त्यांचे यजमान जालन्याला बँकेत, शनिवारी यायचे, रविवारी पेपर वाचायचे. मॅडमचा संगणक स्वयंपाकघरात ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी. त्या उभ्यानं टाइप करायच्या. ओटा काळ्या कडप्प्याचा होता आणि मॅडम त्याचा पाटीसारखा उपयोग करायच्या. शाळेतला खडू पदराच्या टोकाला बांधलेला. सुचलं की गॅसच्या बाजूला कडप्प्यावर रेघा मारायच्या, आकडे लिहायच्या, आणि पोळ्या लाटायची वेळ झाली की ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायच्या. त्यांचं कितीतरी चांगलं काम असं पुसलं गेलं असेल. माझा जीव वरखाली व्हायचा. मला नीटनेटकेपणाचा रोग आहे, हे आमच्या घरीही सगळ्यांना माहीत आहे.

त्यांचा प्रोग्रॅम वाचणं म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखं. डब्यांना नावं राजा, पाखऱ्या, निंब, विहीर, वळण. मी म्हणालो, "मॅडम, अशी नावं ठेवत नाहीत. दुसऱ्या माणसाला कळली पाहिजेत."

"दुसरा माणूस कशाला वाचंल? आणि लेकराचं नाव क्ष ठेवतं का कोणी?"

घरी येताना मी मनातल्या मनात त्यांचे सगळे डबे नियमाप्रमाणे नाव देऊन लावून ठेवले.

प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. फक्त "या" म्हणाल्या. गेलो तर मॅडम स्वयंपाकघरात पाच पावलांच्या जागेत गरगर फिरत होत्या. पडद्यावर शेत होतं. डावीकडून उजवीकडं हजारो रेघा, आणि त्या मधेच एका जागी, कोणीतरी हाक मारल्यासारख्या, किंचित वर वळत होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या. दोन रेघांची वळणं तंतोतंत सारखी नव्हती, आणि वेगळीही नव्हती. मला शेतीतलं काही कळत नाही. आमच्याकडं तीन पिढ्या कारकुनीच्या. पण ते खरं होतं एवढं मलाही कळलं.

"कसं जमलं?" मी विचारलं.

"काय माहीत. काल लिहिता लिहिता आलं. मी काय वेगळं केलं ते मलाच कळंना."

"कोड बघू?"

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "आत्ता नको. नजर लागंल."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊलाच मी कलादालनात पोचलो. मॅडमचा घरचा संगणक तीन प्रोजेक्टर ओढू शकत नव्हता, म्हणून तिथल्या मोठ्या संगणकावर प्रोग्रॅम नव्यानं चढवायचा होता. ते काम माझ्याकडं. चढवताना संगणकानं एक तक्रार केली. वळण नावाचा डबा काही न ठेवताच वापरलाय, अशी. मी हसलो. पहिल्या महिन्यातला धडा, चार वेळा सांगितलेला. मी त्या डब्यात शून्य ठेवलं. तक्रार गेली. भिंतीवर चाळीस फूट रेघा उमटल्या. स्वच्छ, सरळ, एकीला एक समांतर. मला वाटलं, पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आकारात बघतोय म्हणून वेगळ्या दिसतायत. मी मॅडमना फोन करून सांगितलंसुद्धा, तुमची एक चूक राहिली होती, काढून टाकली.

मॅडम आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पाय हलत नव्हते. हातातल्या किल्ल्या हलत नव्हत्या. मी त्यांना एवढं स्थिर कधी बघितलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

"काय काढलंत?"

मी दाखवलं.

"परत घाला."

मी शून्य काढलं. या संगणकावर त्या डब्यात दुसऱ्याच कोणाचं तरी सामान पडलेलं होतं. रेघा भिंत सोडून छताकडं उधळल्या. मी पुन्हा शून्य ठेवलं, पुन्हा काढलं. मी समजावून सांगितलं, की घरच्या संगणकावर त्या डब्यात जे काही पडलेलं होतं त्यानं वळण येत होतं. ते इथं नाही. नक्की काय होतं ते शोधायला मला दोन दिवस लागतील. उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं.

"अविनाश," मॅडम म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत मी 'सर' होतो, 'तुम्ही' होतो. "हात लावायच्या आधी मला विचारायचं होतंस."



दुपारी एकच्या सुमारास मॅडमचा धाकटा भाऊ आबांना एसटीनं घेऊन आला. पांढरं धोतर, टोपी, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. आम्ही त्यांना भिंतीसमोर खुर्ची दिली. भिंतीवर माझ्या शून्याच्या सरळ रेघा होत्या. मॅडमनी त्यांना काहीच सांगितलं नाही. आबा बराच वेळ बघत बसले.

"कुणाचं शेत म्हनायचं ह्ये?"

"आपलंच, आबा. निंबाचं."

"न्हाई. ह्ये ट्रॅक्टरचं." मग ते थोडं पुढं वाकले. "हरेक तास आपल्या मनानं चाललंय."

तास म्हणजे तिफणीनं ओढलेली रेघ, हे भावानं मला हळूच सांगितलं.

"पाखऱ्या निंबाकडं ओढायचा ना," मॅडम म्हणाल्या, "ते जमंना झालंय."

"पाखऱ्या काय रोज वढत व्हता व्हय? एकदाच वढला, पहिल्या तासाला. फुडचं तास मागल्याच्या कडंनंच चालतं, बाई. मागलं वाकलं की फुडल्याला वाकावंच लागतंय. लोकं हसली मला, पन मी काय करू? मागलं बघूनच चालाया लागतं."

मॅडम चालायला लागल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलवत. "मागलं बघून. मागलं बघून." त्याच क्षणी मलाही कळलं. घरच्या संगणकावर प्रत्येक रेघेला जो न धुतलेला डबा मिळत होता, त्यात आधीच्या रेघेनं सोडलेलं वळण होतं. चुकीनं का होईना, ती तिफण मागचं तास बघून चालत होती. मी तोंड उघडलं. मॅडमनी न बघताच हात वर करून मला थांबवलं. टेबलाशी उभ्यानंच त्यांनी दोन ओळी लिहिल्या, की प्रत्येक रेघेनं मागच्या रेघेचं वळण घ्यावं. चुकीनं नाही, सांगून. आता हे कुठल्याही संगणकावर चाललं असतं.

राहिली पहिली रेघ. तिच्यामागं कोणी नव्हतं. माऊस फिरेल तशी रेघ उमटवणं ही मॅडमनी नव्या भाषेत सगळ्यात आधी शिकलेली गोष्ट. तेवढं त्यांनी जोडलं आणि म्हणाल्या, "आबा, पहिलं तास तुम्ही धरा."

"मला ह्यातलं काय कळतंय?"

"तिफण धरल्यासारखं धरा."

आबा उठून उभे राहिले. तिफण बसून धरत नाहीत. त्यांनी माऊसवर हात ठेवला, टेबलाच्या डाव्या टोकाकडून उजवीकडं निघाले आणि मध्यावर आल्यावर जिभेनं एक बारीक आवाज केला, बैलाला करतात तसा. हात किंचित वर गेला आणि परत खाली आला. भिंतीवर एक रेघ होती. मग तिच्या खाली दुसरी आली, मग तिसरी, आणि बघता बघता चाळीस फूट शेत निंबापाशी वाकलं. आबा खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मॅडमचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दामच.

संध्याकाळी माणसं आली, वाहवा झाली, आबा शेवटच्या एसटीनं सोयगावला गेले. रात्री पहारेकऱ्यानं मेन स्विच बंद केला. सकाळी संगणक लावला तर भिंत रिकामी. प्रोग्रॅम पहिल्या रेघेची वाट बघत उभा. आबांची रेघ जतन करायची ओळ लिहायची राहिली होती. मॅडमच्या जुन्या भाषेत ते एका ओळीचं काम असायचं आणि सवयीनं त्यांना वाटलं, आपण ती लिहिलीच आहे. उरलेले पाच दिवस पहिली रेघ त्या स्वतः काढत राहिल्या. लोकांना फरक कळला नाही.

"ही रेघ चित्रकलेच्या बाईची आहे," त्या मला म्हणाल्या. "माझा हात लई शिकलेला आहे."

मी म्हणालो, रविवारी सोयगावला जाऊ, आबांचा हात पुन्हा घेऊ. त्या म्हणाल्या, आधी जतन करायचं लिहिते, नाहीतर परत जाईल. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, मी लिहून देतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नको. तुम्ही हात लावू नका."

मी परत 'तुम्ही' झालो होतो. मी हात लावला नाही. या भाषेत फाइल उघडायची, उघडली का ते बघायचं, लिहायचं, बंद करायचं, परत वाचायचं, प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मॅडम उभ्यानं, पोळ्या करता करता, एकट्या झगडत होत्या. कधी फाइल कोरी निघायची, कधी भरलेली असायची पण वाचता यायची नाही. मी दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचो. "होतंय," म्हणायच्या. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं आणि आबा गेले.

सोयगावहून परत आल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"झालं सर, जतन होतंय."

मी मूर्खासारखं विचारलं, "काय जतन केलंत?"

"काय नाय. कोरंच आहे आत," त्या म्हणाल्या. "पण उघडतंय नीट."

मला त्या दोन मिनिटांचा आजही राग येतो. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. त्या सकाळी मी शून्य ठेवलं नसतं, तर त्यांनी मला हात लावू दिला असता. आमच्या धंद्यात चूक दिसली की हात शिवशिवतात. ती कोणाची आहे आणि कशासाठी आहे, हे विचारायची पद्धत नाही.

वर्षभरानं मला पुण्याला नोकरी लागली. निरोप घ्यायला मी त्यांच्याकडं गेलो. जिन्याच्या वळणावरून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, पण ओट्यापाशी तशाच उभ्या होत्या. पडद्यावर एकच रेघ होती. त्यांनी ती बघितली, पुसली, पाच पावलं चालल्या, परत आल्या, परत काढली. पुन्हा पुसली. मी दोन पायऱ्या चढलो आणि थांबलो.

खडू, पेन्सिल, लाटणं, सगळं त्या उजव्या हातानं धरायच्या. माऊस त्यांनी डाव्या हातात घेतला होता. तो हात थरथरत होता आणि त्या त्याला सरळ करत नव्हत्या. मधेच त्यांनी जिभेनं एक बारीक आवाज केला. मी बेल न वाजवता खाली उतरलो.